ताप कधी आला?

२००९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा पुण्याहून घोलवडला आला. पुण्यात शाळा-कॉलेजं बंद, मॉल बंद, थिएटरं बंद. होस्टेलवर बसून करायचं काय, म्हणून काकांनीच त्याला बोलावून घेतलं. आला तेव्हा चांगला टुणटुणीत होता. गळ्यात दोऱ्याला बांधलेली कापूर-वेलचीची पुरचुंडी, तोंडाला हिरवा मास्क, आणि दर पाच मिनिटांनी ती पुरचुंडी हुंगायची. पुण्यात तेव्हा निम्मं शहर असं हुंगत फिरत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं अंग तापलं.

काका त्याला घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेले. स्कूटर माझी, म्हणून मीही गेलो. डॉक्टर वयाने थकलेले, बोर्डी-घोलवडच्या तीन पिढ्यांचे घसे बघितलेले. त्यांनी टॉर्च मारून याचाही घसा बघितला, छातीला नळी लावली आणि विचारलं, “ताप कधी आला?”

“काल,” काका म्हणाले.

“काल कधी? किती वाजता?”

काका गडबडले. तापाची वेळ आजवर कोणी विचारली नव्हती. डॉक्टर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे वळले आणि बोटांवर मोजू लागले. मग म्हणाले, “म्हणजे साधारण १६ तास गेले. ३२ उरले.”

हे ३२ तास कशाचे, ते त्या वर्षी महाराष्ट्रात पुष्कळांना कळलं. बहुतेकांना उशिरा कळलं.

तो काळ आता धूसर झालाय, म्हणून थोडं मागे जातो. मेक्सिकोत आणि अमेरिकेत एप्रिलमध्ये नवा फ्लू सापडला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. भारतातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला, परदेशातून विमानाने आलेला. त्यानंतरचे कित्येक आठवडे आपली सगळी लढाई विमानतळावर चालली होती: अर्ज भरून घ्या, कपाळ तपासा, ताप असेल त्याला बाजूला काढा. पुण्यात अमेरिकेच्या सहलीहून परतलेल्या शाळकरी मुलांमध्ये लागण दिसली. पाचगणीच्या एका निवासी शाळेत जुलैमध्ये साथ पसरली. आणि ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. या फ्लूने भारतात झालेला तो पहिला मृत्यू.

त्या मुलीच्या आजाराच्या तारखा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आल्या होत्या. २१ जुलैला घसा दुखू लागला, ताप आला. औषध घेऊन बरं वाटलं, ती शाळेतही जाऊन आली. पुन्हा ताप. २७ जुलैला रुग्णालयात दाखल. फ्लूवरचं औषध सुरू झालं तोवर आजाराला आठवडा उलटून गेला होता. मग दिल्लीपासून पुण्यापर्यंत एकच वाद पेटला, चूक कोणाची. पहिल्या डॉक्टरची, रुग्णालयाची, सरकारची, की नशिबाची? मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की या वादात तारखांकडे बघण्यापेक्षा माणसांकडे बोट दाखवणं जास्त झालं. त्या तारखा नीट वाचल्या असत्या तर पुढच्या दोन महिन्यांची गोष्ट त्यांच्यात लिहिलेलीच होती.

औषधाचं नाव ऑसेल्टामिविर. लोकांच्या तोंडी टॅमिफ्लू. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. कॅलिफोर्नियातल्या गिलियड कंपनीने ते शोधलं, १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोशला विकायला दिलं, आणि १९९९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल मिळायचं चक्रीफुलातून. आपल्या मसाल्याच्या डब्यातलं, बिर्याणीत तरंगणारं तेच ते आठ पाकळ्यांचं चक्रीफूल. २००५ मध्ये बर्ड फ्लूची धास्ती पसरली तेव्हा जगभरची सरकारं या गोळ्यांचे साठे करायला धावली आणि चक्रीफुलाचा भाव चढला. त्याच वर्षअखेरीस रोशने हैदराबादच्या हेटेरो कंपनीला भारतासाठी हे औषध बनवायची परवानगी दिली. सिप्लाने तर गिलियडच्या पेटंटलाच हरकत घेतली, आणि मार्च २००९ मध्ये दिल्लीच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. महिनाभरातच मेक्सिकोची बातमी आली. म्हणजे साथ आली तेव्हा औषध देशातच बनत होतं. गोळ्या नाहीत म्हणून ओरड व्हावी अशी परिस्थिती नव्हती. तरी ओरड झाली.

त्याचं कारण कळायला हे औषध काय करतं ते बघावं लागतं. फ्लूचा विषाणू घशाच्या पेशीत शिरतो, आपल्याच नकला काढतो, आणि त्या नकला पेशीच्या पाठीवर चिकटून बसतात. तिथून सुटून शेजारच्या पेशीत जायला त्यांना एक कात्री लागते, तिचं नाव न्यूरामिनिडेज. ऑसेल्टामिविर ती कात्री बोथट करतं, बाकी काही नाही. विषाणूला ते मारत नाही, सुजलेलं फुफ्फुस दुरुस्त करत नाही. विषाणूची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोचते आणि मग आपोआप उतरू लागते. म्हणून कात्री बोथट करायची तर ती कापत असतानाच. चौथ्या-पाचव्या दिवशी ज्याला धाप लागते त्याच्या छातीत विषाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने माजवलेला गोंधळ जास्त असतो. औषधाच्या मूळ चाचण्याही लक्षणं सुरू झाल्यापासून ३६ किंवा ४८ तासांच्या आत आलेल्या लोकांवर झाल्या होत्या. तिथून तो आकडा आला. आमचे डॉक्टर बोटांवर मोजत होते तो हाच.

पण डॉक्टरांच्या टेबलावर गोळ्या नव्हत्या. घोलवडच्या, डहाणूच्या, मुंबईच्या कुठल्याच मेडिकलवाल्याकडे नव्हत्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑसेल्टामिविर दुकानात विकायला बंदी होती. साठा फक्त सरकारकडे आणि सरकारने नेमून दिलेल्या रुग्णालयांत. पद्धत अशी: संशयित रुग्णाने नेमलेल्या केंद्रात जायचं, घशातला नमुना द्यायचा, अहवाल होकारार्थी आला की औषध. सुरुवातीला राज्यभरातले नमुने तपासले जायचे ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, जिला सगळे एनआयव्ही म्हणतात. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९५२ मध्ये सुरू झालेली ही संस्था. त्या ऑगस्टमध्ये तिथले लोक रात्रंदिवस नमुने लावत होते आणि तरी ढीग वाढतच होता. पुढे मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात आणि हाफकिनमध्येही तपासणी सुरू झाली. पुण्याच्या नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, इतक्या लांब की ज्याला फ्लू नव्हता त्यालाही रांगेत तो मिळावा.

सरकारचा हा हट्ट नुसता बाबूगिरीचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत नेहमीचा हंगामी एच१एन१ फ्लू जगभर ऑसेल्टामिविरला दाद देईनासा झाला होता. अमेरिकेत तर २००८-०९ च्या हंगामात तो जवळजवळ पूर्णच निर्ढावला. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळतं, निम्मा कोर्स घेऊन उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देतात. नव्या विषाणूवरचं एकुलतं तोंडी औषध असं दुकानोदुकानी सोडलं तर तेही महिन्याभरात निकामी होईल ही भीती खरी होती. खासगी डॉक्टर उलट म्हणत होते, तुम्ही औषध वाचवताय आणि माणसं गमावताय. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर तो वाद मिटेना.

आता घोलवडचा हिशेब. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यात, आणि ठाणे शंभर किलोमीटरच्या पलीकडे. घोलवड म्हणजे पश्चिम रेल्वेवरचं महाराष्ट्राच्या टोकाजवळचं स्टेशन. पुढे उंबरगाव रोड गुजरातेत. १९६० मध्ये दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. आमची माणसं दुखण्याखुपण्याला वापी-वलसाडलाही जातात, कारण ते जवळ पडतं. चर्चगेटहून निघालेली लोकल डहाणू रोडपर्यंत यायला लागली ती २०१३ मध्ये. २००९ मध्ये शटल आणि पॅसेंजरच्या वेळा पाठ असलेला माणूस गावात मान मिळवून होता.

डॉक्टरांनी एका सरकारी दवाखान्यात फोन लावला. गोळ्या आहेत की नाहीत ते कोणी धड सांगेना. “साहेब मीटिंगला आहेत” एवढंच उत्तर. शेवटी डॉक्टर म्हणाले, “मुंबईला न्या. सकाळची गाडी धरा.” तेवढ्यात आणखी १२ तास गेले. सकाळी काका आणि मुलगा गाडीत बसले, मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत दुपारपर्यंत उभे राहिले. नमुना घेतला. मुलगा चालतोय, बोलतोय, धाप नाही, तेव्हा घरी जा, वेगळ्या खोलीत राहा, अहवाल आला की कळवू. रात्री परत घोलवडला. आईने त्याला माळ्यावरच्या खोलीत ठेवलं आणि दोरीने टोपलीतून जेवण वर पाठवायची सोय केली. ती टोपली चिकूची, तिला चिकाचा वास येत होता म्हणून मुलगा वैतागलेला.

अहवाल आला पाचव्या दिवशी. होकारार्थी. काका पुन्हा मुंबईला गेले आणि ७५ मिलिग्रॅमच्या १० कॅप्सूल घेऊन आले: सकाळ-संध्याकाळ एक, पाच दिवस. ते घरी पोचले तेव्हा मुलगा बोर्डीच्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळत होता. ताप जाऊन दोन दिवस झाले होते. काकूंनी त्याला हाताला धरून आणला आणि एकेक करून दहाच्या दहा गोळ्या समोर बसून गिळायला लावल्या. “सरकारी औषधाने गुण आला,” असं त्या आजही सांगतात.

मला ही गोष्ट विनोदी वाटायची. पुढे २०१४ मध्ये टॅमिफ्लूवरून जगात रणकंदन माजलं, त्याच्या बातम्या वाचताना ध्यानात आलं की भांडणाचा गाभा काकूंच्या त्या वाक्यातच आहे. गोळीने गुण आला, की गुण यायचाच होता?

भांडणाची सुरुवात जपानमधल्या एका बालरोगतज्ज्ञाने केली होती, तीही २००९ मध्येच. केइजी हायाशी यांनी कोक्रेन या संस्थेला एक साधा प्रश्न विचारला. औषधांच्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढायचं काम ही संस्था करते. टॅमिफ्लूने न्यूमोनियासारखी गुंतागुंत टळते, असं तुम्ही म्हणता ते कशाच्या आधारावर? आधार होता २००३ च्या एका लेखाचा, आणि त्या लेखात मोजलेल्या १० चाचण्यांपैकी ८ कधी सविस्तर प्रसिद्धच झालेल्या नव्हत्या. टॉम जेफरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोशकडे मूळ कागद मागितले. कंपनीने टाळाटाळ केली. ब्रिटिश मेडिकल जर्नलने मोहीम उघडली. चार-पाच वर्षांच्या झोंबाझोंबीनंतर सगळे अहवाल बाहेर आले, दीड लाखाहून अधिक पानं. ती वाचून एप्रिल २०१४ मध्ये कोक्रेनने निकाल दिला: मोठ्या माणसांचा फ्लू औषधाशिवाय सरासरी ७ दिवसांत बरा होतो, औषधाने ६.३ दिवसांत. रुग्णालयात दाखल व्हायचं प्रमाण कमी होतं याला पुरावा नाही. मळमळ आणि उलट्या मात्र वाढतात.

सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर एका आठवड्यात, हा आपल्याकडचा जुना विनोद. कोक्रेनने दीड लाख पानं वाचून जवळपास तोच छापला. इंग्लंडने तोवर ४०० दशलक्ष पौंडांहून जास्त पैसे या गोळ्यांवर घातले होते, त्यामुळे तिकडच्या वर्तमानपत्रांना हसू येत नव्हतं.

पण त्याच महिन्यांत दुसरा एक आकडा छापून आला. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ३८ देशांतल्या २९,२३४ रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या. हे सगळे २००९-१० च्या साथीत रुग्णालयात दाखल झालेले. त्यांत ज्यांना पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालं त्यांच्यात मृत्यूची शक्यता उशिरा औषध मिळालेल्यांच्या निम्म्याने होती, आणि उशिराचा प्रत्येक दिवस महाग पडत होता. टीकाकारांनी लगेच दोन गोष्टी दाखवल्या. एक, या कामाला पैसा रोशचा. दुसरी जास्त टोकदार: दाखल झाल्यावर जो लगेच दगावला त्याला औषध मिळायला वेळच मिळाला नाही, आणि जो जगला त्याला जगल्यामुळे मिळाला, मग औषधाने जगला म्हणायचं, की जगला म्हणून औषध मिळालं?

या दोन गटांची पुढची बरीच वर्षं अशीच गेली. माझ्या मते ते पुष्कळ वेळा दोन वेगळ्या माणसांबद्दल भांडत होते. कोक्रेनच्या चाचण्यांतली माणसं धडधाकट, पहिल्या दीड-दोन दिवसांत दवाखान्यात आलेली, बरी होणारीच. आमच्या काकांच्या मुलासारखी. नॉटिंगहॅमच्या नोंदींतली माणसं खाटेला खिळलेली. पहिल्यांना औषध वेळेवर मिळतं पण गरज कमी. दुसऱ्यांना गरज जास्त, पण ते दारात येतात तेव्हा ४८ तास कधीच उलटून गेलेले. आणि तुमचा ताप पहिल्या दिवशी बघून तुम्ही कुठल्या गटात जाणार ते ना कोक्रेनला सांगता येतं, ना आमच्या डॉक्टरांना.

केंद्र सरकारने ऑगस्ट २००९ च्या मध्यावर हे कोडं स्वतःच्या पद्धतीने सोडवलं, आणि माझ्या मते त्या साथीतला सगळ्यात शहाणपणाचा कागद तोच. रुग्णांचे तीन वर्ग केले. ‘ए’ म्हणजे साधा ताप-खोकला: तपासणी नको, गोळी नको, घरी राहा, पण २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघा. ‘बी’ म्हणजे जास्त ताप, घसा फार दुखतोय, किंवा ताप साधाच पण रुग्ण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारा, दमेकरी, मधुमेही: तपासणीची वाट न बघता औषध द्या. ‘सी’ म्हणजे धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळी: दाखल करा, औषध लगेच सुरू करा, तपासणी मागाहून. तपासणीच्या मागे बांधलेली गोळी कागदावर तरी सुटली. सप्टेंबरमध्ये दुकानांतही विक्रीला परवानगी आली, पण ‘शेड्यूल एक्स’मध्ये. झिंग आणणारी, सवय लावणारी औषधं ज्या यादीत असतात ती. वेगळं लायसन्स, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. आमच्या मेडिकलवाल्याने विचारलं, “वर्षाला दोन पाकिटं खपणार, त्यासाठी एवढं लफडं कोण करतो?” त्याचंही चूक नव्हतं. ऑसेल्टामिविर त्या यादीतून निघून साध्या चिठ्ठीच्या ‘एच१’ यादीत यायला फेब्रुवारी २०१७ उजाडलं. मधल्या काळात २०१५ ची साथ येऊन गेली होती: देशभरात नोंदलेले ४२,५९२ रुग्ण, २,९९० मृत्यू. २००९ मध्ये मृत्यू ९८१ नोंदले होते.

नोंदलेले, हा शब्द आमच्या भागात जपून वाचावा लागतो. घोलवड म्हणजे चिकू, हे सगळ्यांना माहीत. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वाड्यांमध्ये चिकू उतरवणारे, धुणारे, मापाप्रमाणे वेगळे करणारे हात बहुतेक वारल्यांचे. दिवसाची रोजी दिवसाला. ताप आला म्हणून पहिल्या दिवशी कोणी घरी बसत नाही, अंगावर काढतात. दुसऱ्या दिवशी भगताकडे. तिसऱ्या दिवशी पाड्यावरून रिक्षा मिळाली तर डॉक्टर. ऑगस्टमध्ये लावणी होऊन भाताची बेणणी सुरू असते, त्यात एक दिवस मोडला तर तो परत मिळत नाही. ४८ तासांचा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांसमोर असा रुग्ण असतो जो तापाच्या पहिल्या दुपारी फोन करून वेळ घेतो.

घोलवडच्या याच रुळांवरून १९१८ चा इन्फ्लुएंझा गेला होता, तेव्हाच्या बीबीसीआय रेल्वेवरून. मुंबईत त्या वर्षीच्या ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं मेली. तेव्हा औषधच नव्हतं, त्यामुळे वेळेचा वाद नव्हता.

मग २०२० आलं, आणि जुनीच पात्रं नव्या नाटकात उतरली. रेमडेसिविर गिलियडचंच. भारतात ते बनवणाऱ्यांत हेटेरो आणि सिप्ला पुन्हा पुढे. पण २००९ मध्ये गोळी सरकारी कपाटात कुलूपबंद होती, आणि एप्रिल २०२१ मध्ये हे इंजेक्शन रस्त्यावर आलं. चिठ्ठी घेऊन नातेवाईक जिल्हा पालथा घालत होते. ११ एप्रिलला केंद्राने निर्यात थांबवली. आमच्यापासून दोन-अडीच तासांवरच्या सुरतेत एका राजकीय पक्षाच्या कार्यालयातून इंजेक्शनं वाटली गेली. शेजारच्या दमणमधल्या एका औषध कंपनीच्या संचालकाला मुंबई पोलिसांनी रात्री चौकशीला नेलं, आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस पोलीस ठाण्यात पोचले. त्या आठवड्यात डहाणू तालुक्यात कोणाच्या तोंडी दुसरं काही नव्हतं.

आणि एवढं करून मिळालेली कुपी टोचली जायची ती बऱ्याचदा बाराव्या-चौदाव्या दिवशी, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत या औषधाने दाखल रुग्णांचे बरे व्हायचे दिवस १५ वरून १० वर आले होते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत मृत्यू कमी झालेले दिसले नव्हते, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संघटनेने ते वापरू नका असंच सांगितलं होतं. एम्स आणि आयसीएमआरच्या २२ एप्रिल २०२१ च्या सूचनांत अट होती: ऑक्सिजन लागतोय असा रुग्ण, आणि लक्षणं सुरू होऊन १० दिवसांच्या आत. हा १० दिवसांचा आकडा छापलेला होता, पण ज्याचा बाप आत तडफडतोय त्याला तो सांगायचा कोणी? इंजेक्शन आणलं नाही तर आपण कमी पडलो, ही बोच आयुष्यभर राहणार. डॉक्टरही चिठ्ठी लिहून मोकळे होत. वेळेचा प्रश्न पुरवठ्याच्या प्रश्नाखाली गाडला गेला.

गंमत, किंवा गंमत म्हणवत नाही, ती वर्षअखेरीला झाली. डिसेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या एका चाचणीचा निकाल आला. तेच रेमडेसिविर, पण धोका जास्त असलेल्या आणि अजून दाखल न झालेल्या लोकांना, लक्षणांच्या पहिल्या सात दिवसांत, लागोपाठ तीन दिवस. दाखल व्हायची वेळ ८७ टक्क्यांनी कमी आली. औषध तेच, रेणू तोच, बदलला फक्त दिवस. चाचणी ५६२ लोकांची, लहान. तरी एप्रिलमध्ये दमण ते पुणे धावाधाव करून आणलेल्या आणि शेवटच्या टप्प्यात टोचलेल्या कुप्यांचा विचार मनात येतोच.

पुढच्याच महिन्यात मोल्नुपिरावीर आलं, पाच दिवसांच्या आत घ्यायचं. दुकानांत भराभर खपलं, आणि आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गव यांनी त्याच्या सुरक्षिततेबद्दल जाहीर शंका घेतली. तोवर ओमिक्रॉनची लाट इतक्या वेगाने आली नि ओसरली की हा वाद रंगायच्या आत संपला.

टॅमिफ्लूचा मात्र संपलेला नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत त्याला एक पायरी खाली बसवलं. २०१९ च्या डिसेंबरात युरोपातल्या १५ देशांत ३,२६६ लोकांवर झालेली, कंपनीच्या पैशाशिवायची चाचणी छापून आली: सरासरी एक दिवस लवकर बरं, आणि म्हातारे, आधीच आजारी असलेले यांना दोन-तीन दिवस लवकर, उशिरा सुरू करूनही थोडा फायदा दिसला. म्हणजे ४८ तासांची भिंत पूर्वी वाटली तेवढी सरळ नाही. पंधराव्या तासाला गोळी घेतलेला आणि साठाव्या तासाला घेतलेला यांच्यात उतार आहे, कडा नाही. ही माहिती मी आमच्या डॉक्टरांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. ते म्हणाले, “बरं झालं. पण तास मोजायचं मी सोडणार नाही.”

त्यांची वही मी बघितली आहे. लांब, लाल कापडाची बांधणी असलेली. रुग्णाचं नाव, वय, पाडा, आणि त्यापुढे २००९ पासून हाताने आखलेला एक जास्तीचा रकाना: ‘ताप – तास’. पाड्यावरून आलेल्या बायकांना ते पहिला प्रश्न तोच विचारतात. घरात घड्याळ असलं तरी उत्तर घड्याळाने येत नाही. आमच्याकडे रूळ सगळ्यांच्या कानावर असतात. गेल्या पावसाळ्यात मी तिथे बसलो होतो तेव्हा कडेवर पोर घेऊन एक बाई आली. पोराचं नाक वाहत होतं, डोळे जड. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधी आला. ती थोडा विचार करून म्हणाली, “परवा. फ्लाइंग राणी गेली तेव्हा.”

“सकाळची की संध्याकाळची?”

“सुरतेकडे गेली ती.”

डॉक्टरांनी पेन उचललं, क्षणभर छताकडे बघून हिशेब केला, आणि रकान्यात लिहिलं: ३९.